फाटकासमोरची फळी

बैलाच्या लाथेनं कंबर मोडली, तेव्हा मूर्तिजापूरच्या बैलबाजारात मी नावाजलेला हेडी होतो. आमचे सौदे रुमालाखाली व्हायचे. हात झाकलेले, भाव बोटं दाबून सांगायचा, तोंडानं मात्र शिव्या. लोकांची गुरं राखणारा मी हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, झालो तो या बोटांच्या जोरावर.

कमरेखाली पाय लुळे पडल्यावर दोन भाचे मला उचलून बाजारात न्यायचे. धोतर सुटत आलेलं, सदरा वर सरकलेला. लोक नजर चुकवायचे. मी पहिलं बोट दाबलं, की समोरचा म्हणायचा, "घ्या जी, तुमी म्हणसान तेच." जे माझ्याशी घसा बसेपर्यंत भांडले, ते आता मला भीक घालू लागले होते. त्या चांगुलपणाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. मी बाजार सोडला.

पुढे एकोणीसशे साठ सालानंतर अमरावतीच्या एका संस्थेनं एक लहान मोटार मुद्दाम बांधून घेतली. मागचं दार रुंद, आतली बाकं काढलेली, दाराला पत्रा ठोकलेली फळी. फळी खाली सोडली, की चाकाची खुर्ची कुणी न उचलता आत-बाहेर करता यायची. बाजाराच्या दिवशी ती मोटार आमच्या गावावरून, मूर्तिजापूरमार्गे अकोल्याच्या दवाखान्यात जायची. अंगावर ठळक अक्षरं: ‘अपंगांसाठी’.

एकदा भाच्यांना बैलजोडी घेऊन पुढे धाडलं आणि मी संस्थेनंच दिलेल्या खुर्चीसकट त्या मोटारीत बसलो. ड्रायव्हरला बजावलं, "बाजाराच्या मांगं उतरव."

"मांगं उतार हाय, दादा. खुर्चीसंगं नाल्यात जासान. फळीले सपाट जागा लागते, ते फाटकासमोरच."

"तुले सांगतलं तसं कर!"

"मंग तुमीच चालवा मोटार," म्हणत त्यानं ती फाटकासमोरच उभी केली.

फळी आदळली. सगळा बाजार वळून पाहू लागला. चाकं घट्ट धरून मी खाली येत होतो. कानशिलं तापली होती, कुठे पाहावं ते कळेना. तेवढ्यात माझा जुना वैरी, अकोल्याच्या जुन्या शहरातला मुसलमान व्यापारी, ओरडला, "या अल्ला! फळीवरून बैल उतरते हे पाह्यलं होतं. हेडी आज पाह्यला!"

लोक खदखदून हसले.

"तुह्या बैलाची शेपटी पिळा लागते," मी गरजलो. "मी माह्या हातानं उतरलो!"

"मंग दाखव हाताचा जोर. कुठी हाय जोडी?"

माझ्यासमोर उकिडवा बसून त्यानं रुमाल टाकला आणि बोट असं पिळलं, की डोळ्यांत पाणी आलं. मीही पिळलं. जोडीचे दात, खूर, चाल, सगळ्यांत त्यानं खोट काढली. मी त्याच्या बापापर्यंत पोचलो. शेवटी रुमाल झटकून तो उठला.

"नाई जमत. एवढ्यात तर मी तुही मोटार घेईन!"

सौदा मोडला. जोडी जशी आली तशी परत निघाली.

संध्याकाळी फळी पुन्हा सगळ्यांसमोर पडली. चढताना ड्रायव्हरला मागून रेटावं लागलं. जमिनीनं गिळलं तर बरं, असं वाटलं. तो व्यापारी चहा पीत टक लावून बघत होता.

"पुढच्या बाजारी येजो," तो म्हणाला. "शिंगं रंगवून आणली तरी एवढाच भाव देईन!"

लाजेनं माझी मान वर होईना. शिवी मात्र मी दिली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी.