फुंकण्याआधीचा श्वास

आईच्या पोटाचं ऑपरेशन धुळ्यात झालं. तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. डॉक्टर म्हणाले, टाके दुखतात म्हणून त्या वरवर श्वास घेतात, त्यामुळे फुप्फुसांचा खालचा भाग मिटत चाललाय. उद्यापर्यंत तो उघडायला लागला नाही, तर आयसीयूत हलवावं लागेल.

त्यासाठी तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढली की चेंडू वर चढतात. आई मात्र फुंकत होती. चेंडू हलत नव्हते.

"मावशी, फुंकू नका, ओढा," सिस्टर सांगून गेल्या.

आई वैतागली. "बठ्ठा जलम चूल फुकामा गया, नि आते म्हने वढ!"

"बिडी वढतस तसं वढ," शेजारच्या खाटेवरच्या अक्का म्हणाल्या.

"मी काय बिडी वढस का?"

मग अक्का माझ्याकडे वळल्या. "कॉलेजमा जास ना तू? मायले दम लेवाले शिकाड!"

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिकवायला बसले. छातीच्या तळाशी श्वासपटल असतं, ते आकसून खाली सरकतं, छातीतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते. परीक्षेत यावर मला पूर्ण गुण होते. आईने शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा फुंकलं.

मला रडू यायला लागलं. पुस्तकात आहे की निवांत बसलेल्या माणसाला श्वास सोडायला कष्ट पडत नाहीत, घ्यायलाच पडतात. पण आईला निवांत बसलेलं मी फारसं पाहिलंच नव्हतं. साक्रीकडच्या आमच्या घरी ओल्या लाकडांपुढे वाकलेली आई मला आठवली.

"माय, फुंकणी तोंडले लावाना पहिले तू काय करस?"

"तोंड फिरावस. नहीतं धूर जास ना छातीमा."

"नि मंग?"

"मंग काय, दम भरस." आणि ती थांबली.

"तेवढंच कर. फुकू नको."

तिने एक हात टाक्यांवर दाबला, नळी घट्ट धरली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हवा ओढली. पहिला चेंडू थरथरला, वर गेला, पडला. ती खोकली. दुखण्याने डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने पुन्हा ओढलं.

संध्याकाळपर्यंत दर तासाला दहा वेळा. सकाळी दुसरा चेंडूही उचलला गेला. डॉक्टरांनी पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं.

"खाली हवा जातेय आता. इथेच राहू द्या यांना."

ते गेल्यावर आईने लगेच यंत्र मागितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिथे धूर नव्हता. मी मोजायला लागले, एक, दोन.