मंजिरीचं शेवटचं कडवं

राग जागच्या जागी काढता आला नाही की त्याचा किस्सा होतो. माझ्याकडे असे किस्से ढिगाने आहेत, कारण दोन हजार दोनपासून पुढची चार वर्षं मी मंजिरीची व्हॅन चालवली. लोक म्हणतात, "अगं, सांग ना, काय धमाल केली असेल तुम्ही!" धमाल कसली, डोंबल! तरी सांगते.

मंजिरी मूळची कराडची, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. सुट्टी मिळाली की गिटार घेऊन गावोगाव स्वतःची इंग्रजी गाणी म्हणायची. थोडं कंट्री, थोडं लोकगीत. अमेरिकाना म्हणतात त्याला. ट्रक, लांबचे रस्ते, मागे राहिलेलं घर. तिचे वडील जन्मभर ट्रकवर होते, त्यामुळे हे तिला कोणाकडून शिकावं लागलं नव्हतं. माउथ ऑर्गनवर ग्रॅहम, म्हणजे गाई विकून मोकळा झालेला सहा फुटी गोरा शेतकरी. गाडी, साउंड आणि भांडणं ही खाती माझ्याकडे.

वडिलांवरचं तिचं एक गाणं होतं. शेवटच्या कडव्यात ते कित्येक महिन्यांनी घरी येतात आणि दारातली त्यांची लेकच त्यांना विचारते, "कोण पाहिजे?" सगळं गाणं त्या प्रश्नासाठी लिहिलेलं. ते कडवं लोकांनी एकदा तरी शांतपणे ऐकावं, एवढीच तिची इच्छा. पण तिथपर्यंत आम्हाला पोचू देतील तर ना!

*

सुरुवात आमच्या हॅमिल्टनमध्येच झाली. पबच्या दारावर पोस्टर: हत्ती, कमळ आणि मधोमध मंजिरीचा फोटो! मालक आम्हाला बघून हिरमुसला.

"सितार कुठाय?"

"मी गिटार वाजवते. फोनवर सांगितलं होतं," मंजिरी म्हणाली.

"हो, पण मला वाटलं, सितारपण असेलच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ग्रॅहम शांतपणे पुढे झाला. "सितार मी वाजवतो. आज घरी राहिली."

मालकाने त्याला टकलापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "अरेरे! पुढच्या वेळी नक्की आण हं!"

*

गोऱ्यांना नावं ठेवून मोकळं व्हावं, तर आपले लोक कुठे कमी आहेत? हेन्डरसनच्या एका हॉलमध्ये आपल्या मंडळींचा गणपती होता. मंजिरीला दोन गाणी दिलेली. अध्यक्ष काकांनी आधीच बजावलं होतं, "इंग्लिश चालेल, पण जरा प्रसन्न असू दे."

तिने वडिलांचं गाणं घेतलं. तिसरं कडवं संपत आलं आणि काका शाल-श्रीफळ घेऊन थेट स्टेजवर! गाणं चालू असताना सत्कार! शाल अर्धी तिच्या खांद्यावर, अर्धी गिटारच्या तारांवर.

"काका, गाणं संपलं नाहीये अजून."

"असू दे, असू दे. छानच झालं. पुऱ्या गार होताहेत."

हातात नारळ आल्यावर गिटार कशाने वाजवणार? सगळा हॉल पानांकडे पळाला. पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी तेवढी आईची ओढणी ओढत विचारत होती, "बट मम, व्हॉट हॅपन्ड टु हर डॅड?" आईने तिच्या हातात मोदक दिला.

*

एका गावच्या रेडिओवर मुलाखत होती. निवेदक लाघवी. गाणं ऐकताना डोळे मिटून मान डोलवत होता. मी म्हटलं, चला, भेटला एक दर्दी! शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आधीची माउथ ऑर्गनची लकेर आली आणि त्याने डोळे न उघडताच आवाज उतरवला.

"ब्युटिफुल! आता मासेमारीला जाणाऱ्यांसाठी लाटांचा अंदाज."



*

ख्राइस्टचर्चजवळच्या एका फेस्टिव्हलचा आयोजक तर कहरच. स्वतः डोक्यावर काउबॉय हॅट घालून टेक्ससची गाणी म्हणायचा. जन्म इथल्याच तिमारू गावचा, टेक्सस नकाशात पाहिलेलं. त्याने मंजिरीला जगभरच्या संगीताच्या तंबूत टाकलं, बेली डान्सनंतर.

"अमेरिकानाच्या स्टेजवर का नाही?" मी विचारलं.

"हे बघ, तिची गाणी स्वीट ॲज, एकदम झकास! पण तिने तिच्या मातीतलं काहीतरी म्हणावं ना."

मंजिरी गिटार लावता लावता थांबली. "माझा बाप ट्रक चालवायचा. तुझा?"

"अकाउंटंट होता."

"मग ट्रकची गाणी कोणी म्हणायची, मी की तू?"

तो हॅट सारखी करून निघून गेला. तंबू काही बदलला नाही. पठ्ठ्याचा स्वतःचा कार्यक्रम मात्र मोठ्या स्टेजवर झाला, आणि त्यात ट्रकची तीन गाणी होती!

*

शेवटचा किस्सा पार दक्षिण टोकाच्या साउथलँडमधल्या एका पबातला. शुक्रवारची संध्याकाळ. तिकडे शुक्रवारी पबात मटणाची सोडत असते. नंबर लागला की चॉप्स आणि सॉसेजेसनी भरलेला ट्रे तुमचा. ग्रॅहमने गंमत म्हणून आम्हा तिघांच्या नावाने एकेक तिकीट घेतलं होतं.

मंजिरीने वडिलांचं गाणं धरलं. गलका इतका, की साउंडवर बसून मलाच धड ऐकू येईना. तिसरं कडवं संपतंय तोच मालकाने घंटा बडवली आणि ओरडला, "हिरवं, सत्तेचाळीस!"

सगळा पब खिसे चाचपायला लागला. मंजिरी थांबली. ग्रॅहमने खिशातली तिकिटं पाहिली आणि त्यातलं एक मुकाट्याने तिच्यापुढे धरलं. तिचंच होतं!

मालक हसत हसत ट्रे घेऊन आला. बाई अंडंसुद्धा खात नाही! तिने ट्रे घेतला, शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि माइकजवळ आली. तिला इतकं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"हा ट्रे आता माझा आहे. मी मटण खात नाही. हे गाणं मी आता पहिल्यापासून म्हणणार. संपेपर्यंत जो तोंड उघडणार नाही, त्याने येऊन हा घेऊन जायचा."

पब चिडीचूप. मालकाने टीव्हीसुद्धा बंद केला. मटणासाठी का होईना, गप्प बसले! मला त्यांचा आणखीच संताप आला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ग्रॅहमने लकेर घेतली. मग दारातल्या मुलीने बापाला विचारलं, "कोण पाहिजे?"

गाणं संपलं. टाळ्या नाहीत, काही नाही. ट्रे न्यायलाही कोणी उठेना.

मंजिरीचा पारा अजून चढलेलाच. "अरे, न्या ना आता! ठरलंय ना आपलं?"

पुढच्या टेबलावर चिखलाच्या गमबुटातला एक म्हातारा बसला होता. तो ट्रेकडे न बघताच म्हणाला, "राहू दे तो, पोरी. परत म्हण."