शेळ्यांनी थुंकलेल्या बिया

आमच्याकडे शेत नव्हतं, शेळ्या होत्या. निंबोळ्या पिकल्या की शेळ्या त्या खायच्या आणि रवंथ करताना बिया गोठ्यात थुंकायच्या. आई त्या वेचून, धुऊन, वाळवून पाथरीच्या व्यापाऱ्याकडे न्यायची. त्यावरच पावसाळ्यात चूल पेटायची.

तो दरवर्षी नाक मुरडायचा. "शेळीचं उष्टं हाय बाई. मी म्हणतो त्या भावात टाक." आई मुकाट्यानं टाकून यायची. त्याच बियांचं तेल अंगाच्या साबणात जातं, हे मला कॉलेजात कळलं. घराण्यातली पहिली पदवी घेऊन मी आईसोबत त्याच्या दुकानात गेले.

"उष्ट्याचं तेल साबणवाल्यांना कसं चालतं, शेठ?"

"शिकलीस म्हणून लय तोंड चालवू नको. दुसरं कोण घेणार हाय तुझं?"

मी बियांचं पोतं उचलून परत भाड्याच्या जीपमध्ये टाकलं. "आता चूल कशावर पेटवू?" आई रस्ताभर हेच विचारत राहिली.

पुढं गावातल्या आमच्या बचत गटाच्या बायांनी मिळून तेलघाणा घेतला. आमच्या तेलात भेसळ आहे, अशी बोंब त्या व्यापाऱ्यानं साबणवाल्यांपर्यंत मारली. मी साबणवाल्यांनाच बोलावून घाण्यासमोर उभं केलं. डोळ्यांदेखत तेल निघताना बघून त्यांनी व्यापाऱ्याला सोडलं आणि आमचं तेल घेतलं. त्या माणसाची मला आजही कीव येत नाही.

आता आमच्या निंबोळीचं तेल गावातच निघतं. ते आम्ही थेट साबणवाल्यांना विकतो आणि भाव आम्ही सांगतो.