छावणी कट

आमचे धाकटे काका बेटावरचे एकमेव न्हावी, पण बेटाचे न्हावी नव्हेत. बावीस वर्षं त्यांनी छावणीतल्या सैनिकांचेच केस कापले. मागून मशीन, वर दोन बोटं केस, कानापाशी वस्तरा, सहा मिनिटांत पुढचा. "डोळे मिटूनसुद्धा करीन," म्हणायचे.

त्याच छावणीने होड्या लावायचा आमचा किनारा कुंपणात घेतला होता. बळी तो कान पिळी, दुसरं काय. माझे वडील मासेमार. त्यांच्या पोटावर पाय आला आणि महिन्याभरात सख्ख्या भावाने छावणीच्या फाटकासमोर दुकान थाटलं. वडील त्या खुर्चीत कधी बसले नाहीत. आई घरच्या कात्रीने त्यांचे केस कापायची, ते कसे दिसायचे ते न बोललेलंच बरं. मी शिकलो तो मात्र काकांच्या जिवावर. हे वडिलांना ठाऊक होतं आणि त्याचाच राग जास्त होता.

गेल्या वर्षी छावणी हलली. पाठोपाठ खानावळ बंद झाली, इस्त्रीवाला गेला, रोजची बोट आठवड्यातून दोनदा येऊ लागली. काका आरसा पुसून वाट बघत बसत. बेटावरचे लोक एकदा आले, रंगरूट होऊन बाहेर पडले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

"शनिवारच्या बोटीने जातो, वहिनी. इथे आता माझं काही नाही," काका आईला म्हणाले.

शुक्रवारी सकाळी वडील घरातून निघाले. मी मागोमाग. ते दुकानात शिरले, खुर्चीत बसले आणि आरशात न बघता म्हणाले, "छावणीने आमची बिनपाण्याने हजामत केली. तू जरा पाणी लावून कर."

काकांनी पाणी शिंपडलं आणि मशीन उचललं. ते डोक्याला लागलं तसे त्यांचे हात सवयीने मानेवरून सरळ वर गेले. काका भानावर आले तोवर उशीर झाला होता. आरशात साठ वर्षांचा शिपाई बसला होता.

"चुकलं, दादा. हाताला दुसरं येतच नाही," म्हणत काका रडू लागले. मलाही रडू आलं, लपवण्यात अर्थ नाही.

वडिलांनी मानेवरून हात फिरवला. "आता सलाम कुणाला ठोकू?" मग उठून त्यांनी टॉवेल झटकला, खुंटीला लावला. "महिन्याने येतो. तोवर दुसरं काहीतरी शीक."

शनिवारची बोट सुटली तेव्हा काका माझ्या डोक्यावर कात्री चालवायला शिकत होते.