बर्फ मोजून आलेला हात

माझा नवरा काय करतो हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसायची. आम्ही राहायचो सिंगापुरात, बेडोकला, बारा महिने पंख्याखाली, आणि हा मोजायचा बर्फ. बुओना व्हिस्टाजवळच्या एका संशोधन संस्थेत तो पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक होता. ड्रोनने वरून काढलेल्या फोटोंवरून जमिनीचे उंचसखल नकाशे करणं हे त्याचं काम. आधी त्याने खारफुटीची झाडं मोजली. मग उत्तर नॉर्वेतल्या एका विद्यापीठाबरोबर त्याच्या गटाचा प्रकल्प ठरला आणि आमच्या घरात बर्फ आला.

पद्धत त्याने मला स्वयंपाकघरात उभं राहून समजावली होती. उन्हाळ्यात उघड्या जमिनीचे फोटो घ्यायचे. हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या त्याच जमिनीचे पुन्हा घ्यायचे. दोन्हींचे नकाशे करायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. उरेल तो बर्फ. माणूस सळई खुपसत दिवसभर फिरला तरी चार ठिकाणची खोली कळते, ड्रोनला अख्खी दरी कळते. त्यावरून उन्हाळ्यात खालच्या गावांकडे किती पाणी येईल याचा अंदाज बांधता येतो.

उन्हाळ्यातली फेरी मजेत झाली. झुडपांवरची निळी बोरं, मावळायचं नावच न घेणारा सूर्य, असे फोटो यायचे. पुढच्या फेब्रुवारीत तो बर्फासाठी गेला. रोज आमच्या संध्याकाळी फोन करायचा. तिथे तेव्हा दुपार असायची. परतायच्या आधीच्या आठवड्यात फोन आखडते झाले. पडद्यावर नुसता चेहरा दिसायचा, तोही उशीला टेकलेला. दमलो आहे, म्हणायचा. काम कसं चाललंय विचारलं की, छान चाललंय, एका दिवसाचा वारा सोडला तर सगळं ठीक. मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटीत होते. आमचीही तेव्हा धावपळ होती. ठीक म्हणतोय म्हणजे ठीक असेल, असं मी धरून चालले.

चांगी विमानतळावर तो बाहेर आला तेव्हा आमची सात वर्षांची मुलगी धावत गेली आणि तिने त्याचा उजवा हात धरला. तो ओरडला. मुलीला त्याने ढकललं नाही, पण हात असा हिसकून घेतला की ती जागीच थिजली. जाकिटाच्या बाहीत पांढरं बँडेज होतं.

"काय झालं हाताला?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर सांगतो."

टॅक्सीत मुलगी माझ्या मांडीवर तोंड खुपसून बसली होती.

घरी आल्यावर त्याने सांगितलं ते असं. काम संपायला अजून आठवडा होता आणि दरीच्या वरच्या टोकाचं उड्डाण चाललं होतं. थंडीत ड्रोनच्या बॅटऱ्या लवकर दम सोडतात, म्हणून ते लोक त्या जाकिटाच्या आत, अंगाशी धरून ठेवतात. तशा ठेवूनही त्या दिवशी बॅटरी अर्ध्यातच बसायला लागली आणि वारा सुटला. ड्रोन एका उतारापलीकडे भरकटला. रिमोटचा पडदा हातमोज्याला दाद देईना. त्याने उजवा मोजा काढून दातांत धरला आणि उघड्या बोटांनी ड्रोन माघारी आणला. आणताना मोजा कधी सुटून उडून गेला ते त्याला कळलं नाही. थोडा वेळ बोटं भयंकर दुखली, मग दुखायची थांबली. दुखणं थांबलं म्हणून त्याला बरं वाटलं, असं तो म्हणाला. खरं तर तिथेच घाबरायला हवं होतं.

त्याच्याबरोबर तिथली एक शास्त्रज्ञ होती, पन्नाशीची. बोटं मेणासारखी पांढरी झालेली तिने पाहिली. बर्फात त्याला खाली बसवून तिने स्वतःच्या जाकिटाच्या आणि कपड्यांच्या आत, थेट पोटाशी त्याचा हात दाबून धरला, आणि गाडी येईपर्यंत तशीच बसून राहिली. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. परक्या बाईच्या पोटाला हात लावला याचा संकोच त्याला बोटांपेक्षा जास्त वाटत होता की काय, कोण जाणे. मला मात्र ते ऐकून रडू आलं. मी तिथे नव्हते आणि ती होती, एवढंच मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होते आणि प्रामाणिक. हिमदंश त्यांनी पुस्तकात वाचला होता. प्रत्यक्षात गिर्यारोहण करून आलेले एक-दोन जण पाहिले होते. तर्जनी आणि मधलं बोट टोकाकडून काळं पडत चाललं होतं. त्यांनी सांगितलं, घाईने कापायचं नाही. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यातली रेघ शरीर स्वतः आखतं. तोवर थांबायचं.

ते थांबणं फार वाईट होतं. सिंगापूरमध्ये सगळीकडे एसी. गार हवा लागली की त्याची बोटं ठणकायची, म्हणून बाहेर घामाच्या धारा लागत असताना हा माणूस एमआरटीच्या मेट्रोत एका हातात लोकरीचा मोजा घालून उभा असायचा. लोक बघायचे आणि नजर वळवायचे. मुलगी जेवताना त्याच्या डाव्या बाजूला बसायला लागली. एकदा ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत हळूच म्हणाली, "बाबा, युअर फिंगर लाइक चारकोल लाह." तो हसला. त्यानंतर तो घरातही मोजा काढेना.

पुण्याला सासूबाईंना आम्ही कळवलं की उकळतं तेल सांडून हात भाजला. गोठलेली बोटं काळी पडतात हे त्यांना कसं समजवायचं, हा प्रश्न होताच, पण खरं म्हणजे त्याला ते सांगायचंच नव्हतं. त्या रोज तूप-हळदीचं विचारायच्या. लावली, म्हणून तो सांगायचा. इतक्या सहज, इतक्या मायेने सांगायचा की बाजूला बसून ऐकताना मला फोनवरचा, उशीला टेकलेला तो चेहरा आठवायचा.

एका रविवारी त्या शास्त्रज्ञ बाईंनी व्हिडिओ कॉल केला. त्याच्याशी बोलून झाल्यावर मी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि त्यांचे आभार मानले. त्या म्हणाल्या, आभार नकोत, त्या वाऱ्यात उडवायला मीच नको म्हणायला हवं होतं. मग म्हणाल्या, "तुम्हाला सांगू नये, अशी त्याने विनवणी केली होती. मी त्याला म्हटलं, मी आपणहून फोन करणार नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही." मी विचारलंच नव्हतं.

शेवटी जुलैत तर्जनीचं पहिलं पेर काढावं लागलं. मधलं बोट वाचलं, नुसती कातडी गेली. तोवर तो डाव्या हाताने माउस चालवायला शिकला होता आणि दरीचा नकाशा पुरा झाला होता. त्या वादळी उड्डाणाचे फोटोही उपयोगी पडले. त्याने मला संगणकावर दाखवलं. खोल बर्फ गडद निळा, उथळ फिका. एका ओढ्याकाठी लाल ठिपके होते. हे काय, म्हटल्यावर म्हणाला, इथे बर्फ शून्यापेक्षा कमी येतोय. उन्हाळ्यात उभी असलेली झुडपं बर्फाखाली दबली, त्यामुळे वजाबाकी चुकली. तो रंगून बोलत होता. याच नकाशापायी त्याचं बोट गेलं होतं. मला ते लाल ठिपके बघवेनात आणि मी उठून गेले.

नोव्हेंबरात पुढच्या हिवाळ्याचं ठरायला लागलं. जायचं का, हे त्याने जेवताना विचारलं. मुलगी शाळेच्या मैत्रिणीकडे गेली होती.

"तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही," मी म्हणाले. "पण बोट गेलं म्हणून मी रागावलेले नाही, हे तुला कळतंय का? बोट गोठलेलं असताना तू मला सगळं ठीक आहे म्हणालास."

तो ताटातला भात डाव्या हातातल्या चमच्याने ढकलत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू ये म्हणाली असतीस. आणि मी आलो असतो."

"मग?"

"मला यायचं नव्हतं."

हे उत्तर माझ्या मनात आलंच नव्हतं. मला वाटत होतं, मला काळजी नको म्हणून लपवलं असेल. तो काही माझी समजूत काढत नव्हता. पहिल्यांदा सरळ खरं सांगत होता, आणि ते खोट्यापेक्षा जड गेलं. पण त्यानंतर मी त्याला अडवलं नाही. जायचं ठरलं, फक्त उडवणार दुसरं कुणीतरी.

तो गेल्यावरचा पहिला फोन आला तेव्हा मी आणि मुलगी इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढे, जेवत होतो. मागे वाऱ्याचा आवाज होता. सगळं ठीक आहे, रिमोटला हात लावलेला नाही, असं त्याने सांगितलं. मागून त्या बाईंचा आवाज आला की हा फक्त बॅटऱ्या उबवतोय. तो आणि मी, दोघंही हसलो.

फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं, "बाबा ओके, अ?"

"हो," मी म्हणाले आणि तिच्या ताटात भाजी वाढली. मी खरं बोलले की नाही, ते मला माहीत नव्हतं.