भूकंपाच्या नावावरची भेग

मी मूळचीच संशयी. दुधाच्या कार्टनवरची तारीख दोनदा वाचते आणि कुठे 'फ्री' लिहिलेलं दिसलं की आधी दोन पावलं मागे सरते. हा स्वभाव अमेरिकेत आल्यावर कमी झाला नाही, उलट त्याला रोजचं काम मिळालं.

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात भूकंप झाला तेव्हा आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहत होतो. माणसं सगळी धड राहिली, त्याबद्दल मी देवापुढे साखर ठेवली. घराची विटांची चिमणी मात्र अर्धी तुटून मागच्या अंगणात पडली. हॉलमधलं सासूबाईंनी दिलेलं मोठं वॉलहँगिंग खाली आलं आणि त्याच्यामागे छतापासून खिडकीपर्यंत गेलेली लांबलचक भेग दिसली. ती बघून मी रडले. हौसेनं घेतलेलं घर होतं ते.

भूकंपाचा विमा आम्ही घेतला नव्हता. तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका धावून आले. हे काका पेशाने इंजिनियर, पण निम्म्या मंडळाचे टॅक्सचे फॉर्म तेच भरायचे. चहा पिता पिता म्हणाले, "अरे, सरकारने डिझास्टर डिक्लेअर केलंय. घराचं डॅमेज टॅक्समधून डिडक्ट करता येतं. मागच्या वर्षीचा रिटर्न अमेंड करू, रिफंड लवकर येईल."

इतक्या सहज कुणी काही देतं म्हटल्यावर मी कान टवकारले. काकांनी नियम सांगितले. नुकसान उत्पन्नाच्या एक दशांशाच्या वर गेलं, तरच वरचा भाग धरतात. नुसती चिमणी तिथवर पोचत नव्हती, भिंत जोडली की पोचत होती. आणि नुकसान एका झटक्यात झालेलं हवं. हळूहळू झालेलं चालत नाही. आता फ्रीमाँटखालची जमीन तर दरवर्षी थोडी थोडी सरकतच असते, आमच्या कोपऱ्यावरच्या फुटपाथची कड वीतभर बाजूला गेलेली होती. त्यामुळे भेग कधीची, हाच सगळा प्रश्न होता.

"आधीचे फोटो हवेत," काका म्हणाले. "बिफोर आणि आफ्टर. आणि वहिनी, फॉर्मवर तुमचीही सही लागेल. खोटं लिहिलं तर गुन्हा आहे, म्हणून नीट वाचून करा."

पुढच्या वर्षी आम्ही सिटिझनशिपचा अर्ज करणार होतो. त्या सहीने माझी झोप उडवली.

एस्टिमेट द्यायला एक गोरा कॉन्ट्रॅक्टर आला. हा मनुष्य बोलावल्याशिवाय तीन घरं फिरून आमच्याकडे आला होता, त्यामुळे मी त्याच्या बुटांपासून त्याच्यावर नजर ठेवली. त्याने भिंतीवर टकटक केलं, भेगेत टॉर्च मारला आणि विचारलं, ही कधी पडली? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आमचे हे म्हणाले, "अर्थक्वेकमध्ये! कधी म्हणजे काय?" हॉटेलात डोसा की इडली हे ठरवायला पाच मिनिटं घेणारा माणूस. त्या कॉन्ट्रॅक्टरने खांदे उडवले. म्हणाला, मग भेगेच्या आत रंग कसा गेला?

तो गेल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वी मी मुलीला घेऊन उन्हाळ्यात भारतात गेले होते तेव्हा हॉल ह्यांनीच रंगवला होता. आणि ते वॉलहँगिंग नेमकं त्याच भिंतीवर लावायचा हट्टही ह्यांचाच.

"अहो, ती भेग आधीची नाही ना?"

"अगं, तू पण ना! डाउट घ्यायचा म्हणून घेतेस."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पाणी कुठेतरी मुरतंय हे मला कळलं होतं.

आता फोटो. आमच्या मंडळातल्या सगळ्यांचं एकच होतं. घराचे, गाडीचे, बर्फाचे, जे काही चांगले फोटो निघत ते मागे चार ओळी लिहून भारतात पाठवायचे. आपल्याकडे उरत ते हललेले आणि डोळे मिटलेले. आमचं सगळं घर नागपूरला सासूबाईंच्या कपाटात होतं. मी म्हटलं, मागवू या. हे म्हणाले, "आईला कशाला त्रास?" म्हणून मी स्वतःच फोन केला.

डिसेंबरात नागपूरहून परतलेल्या एका ओळखीच्या बाईंनी जाड पाकीट आणून दिलं. रविवारी दुपारी हे मुलीला घेऊन लायब्ररीत गेले होते. मी डायनिंग टेबलावर फोटो मांडले. हॉलचा एक अगदी हवा तसा निघाला. भिंत नवी रंगवलेली, वॉलहँगिंग मधोमध. मला हायसं वाटलं. ह्या बिचाऱ्यावर उगाच संशय घेतला, असंही मनात आलं. मग मी फोटो उलटला.

ह्यांचं अक्षर. 'आई, तू दिलेलं इथे लावलंय. मागे भिंतीला भेग आहे, रंगवूनही दिसतेच. हिला सांगितलेलं नाही. फोनवर तूही बोलू नकोस.'

हे घरी आले तेव्हा फोटो उलटाच त्यांच्या खुर्चीसमोर ठेवला होता. त्यांनी तो वाचला. मग हळूच म्हणाले, "टॅक्सवाल्यांना मराठी थोडंच येतं?"

"मला येतं," मी म्हटलं. "आणि सही मला करायची आहे."

मी इतकी चिडले होते की माझा आवाज उलट खाली गेला होता. दोन वर्षं त्या भिंतीखाली माझी मुलगी खेळली, आणि नागपूरला माहीत होतं ते मला माहीत नव्हतं.

ह्यांनी काकांना फोन करून नुकसानीच्या हिशेबातून भिंत काढायला सांगितली. काका म्हणाले, मग फॉर्म भरण्यात अर्थच नाही. रिफंड गेला. चिमणीवर वर्षभर प्लायवुड ठोकलेलं राहिलं.

फोन ठेवून हे माझ्यासमोर येऊन बसले. मी विचारलं, "अहो, मला का नाही सांगितलं?" मला वाटलं, तू घाबरली असतीस वगैरे म्हणतील. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"सांगितलं असतं तर तू रोज सकाळी पट्टी घेऊन ती मोजली असतीस," ते म्हणाले. "आणि रोज मला विचारलं असतंस. मला या घरात सुखानं राहायचं होतं गं."

मी खरोखरच मोजली असती.