पायातली माळ

"चालायचं माझं मी बघंन, डाक्टर. खाली बसता येईल का न्हाय, तेवढं सांगा."

परंड्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरानं शरिफाबीचा उजवा गुडघा दाबून बघितला. गुडघ्याभोवती डाग दिल्याचे चार काळे वण होते.

"हे कुणी केलं?"

"गुण येतो म्हनले."

"आला का?"

"आला असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

शरिफाबी मण्यारीण. निजामाच्या राज्यात नवरा गेला, तेव्हापासून बांगड्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन सोनारीकडची पाच गावं तीच फिरायची. बांगड्या भरायचं काम उभ्यानं होत नाही. भुईला गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा, चेपून चेपून मऊ करायचा, तेव्हा कुठं बांगडी चढते. जिला बसता येईना तिचा धंदा उठला.

डाग दिल्यावर दीड महिना ती बाजेवर पडून होती. दीर जैनोद्दीन रोज येऊन म्हणायचा, "भाबी, तुमी आराम करा. सोनारी म्या बघतो." डाग देणाऱ्या वैदूनं डाळ, अंडं, आंबट सगळं तोडलं होतं. कोरडी भाकरी आणि मिठाचं पाणी. मांडीचं पार चिपाड झालं.

"पाय डागानं नाही, बाजेनं गेला, बाई," डॉक्टर म्हणाला. "अंडी विकू नका, खा. हरभरे, शेंगदाणे खा. पायाला थोडं वजन बांधा, गुडघा ताठ ठेवून रोज वीस वेळा उचला. दुखेल. सोडू नका."

दोन महिन्यांवर नागपंचमी होती. पंचमीच्या सणासाठी ज्यानं बांगड्या भरल्या, गाव त्याचं, असा मण्यारांचा रिवाज. तोवर बसता आलं नाही तर सोनारी कायमची जैनोद्दीनची.

वजन म्हणून तिच्या घरात बांगड्याच. तडकलेल्या, विटलेल्या बांगड्यांची एक माळ तिनं घोट्याला बांधली. पहिल्या दिवशी पाय चारदा वर गेला आणि पाचव्यांदा भुईवर आपटला. माळेतल्या काहींच्या काचा झाल्या. भिंतीपलीकडून जैनोद्दीनच्या बायकोनं, जाऊ हमिदाबीनं विचारलं, "किती वाढल्या गं आज?" बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं.

कोंबडी एकच. तिचं अंडं सोलून तोंडात घालताना शरिफाबीला चोरी केल्यागत वाटे. सातव्या दिवशी तिनं माळ उकिरड्यावर फेकली. आठव्या दिवशी जाऊन उचलून आणली. दुसरं करणार काय? महिन्यानं पाय वीसदा उचलू लागला. गुडघा मात्र पुरता मुडपेना. उजवा पाय लांब सोडून कशीबशी ती बसू लागली, एवढंच.

पंचमीच्या आदल्या दिवशी ती बैलगाडीनं सोनारीत पोचली. बांगड्या भरायला धुरपताबाईच्या ओसरीवर बसली. तळवा बाईकडं होऊ नये म्हणून पाय भिंतीकडं केला. धुरपताबाईनं हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

"शरिफाबी, पायात बांगड्या घालतीस म्हनं? जैनोद्दीन सांगत व्हता. सवाष्णीचं लेणं हाय ते."

'न्हाय' हा शब्द शरिफाबीच्या पार ओठावर आला होता.

"घातल्या. फुटक्या व्हत्या. त्यातली एकबी टोपल्यात न्हाय."

"आमी कसं वळखावं?"

धुरपताबाईचा हात मागं गेला. उठायला कुणी आधार दिला नाही. खांब धरून शरिफाबी आपली आपण उठली. गुडघा कटकन वाजला, पण लचकला नाही. चार महिन्यांमागं, डाग द्यायच्या आधी, ह्याच ओसरीवरून तिला दोघींनी उचललं होतं. ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

शेजारचं घर सिताबाईचं. अंगणात उभ्यानंच शरिफाबी म्हणाली, "आदी ऐका सिताबाई, मग हात द्या." आणि डागापासून माळेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

सिताबाई सूप खाली ठेवून ऐकत राहिली.

"अजून दुखतंय?"

"दुखतंय की."

"आन खाली कशी बसतीस?"

"बघा."

टोपलं उतरवून, दात आवळून शरिफाबी भुईवर टेकली. पाय लांब केला. सिताबाईनं हात लगेच पुढं केला नाही, पण पदराआडही घेतला नाही. शरिफाबीनं हिरव्या बांगड्यांच्या नव्या माळेची गाठ सोडायला घेतली.